मोटरचं संरक्षण कोणाच्या मालकीचं?



ज्यांच्या स्मरणार्थ वेळापूरच्या या व्याख्यानमालेत आपण दरवर्षी जमतो, त्यांनी या भागातल्या मुलांना विजेचं काम शिकवलं. म्हणून आज मी त्यांच्याच कामाचा विषय निवडला आहे. मोटर चालवणारी आणि मोटर वाचवणारी जी सर्किट असतात, त्यांच्यावर हक्क कोणाचा, यावरून पेटंटचे वाद होतात. ते का होतात, कशावर जिंकले-हरले जातात आणि त्यांच्याशी वेळापूरचा संबंध काय, एवढंच मला बोलायचं आहे.

हा विषय मुंबई-दिल्लीच्या वकिलांचा आहे असं कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या आधाराने ऊस उभा राहिला, माळीनगर-अकलूजची कारखानदारी उभी राहिली. पण कालव्याचं पाणी विहिरीत मुरलं की ते वर काढायला मोटरच लागते. ती जळाली तर ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवसांची पाळी चुकते. त्यामुळे मोटर वाचवायची युक्ती कोणाच्या नावावर आहे, ती विकत घेताना आपण कोणाला पैसे देतो आणि आपल्याच वायरमनने शोधलेली युक्ती उद्या दुसऱ्या कोणाच्या नावावर दिसली तर काय करायचं, हे प्रश्न थेट आपल्या शिवारातले आहेत.

आधी स्टार्टरची पेटी उघडू या. पाच एचपीची मोटर, साधा डीओएल स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की नो-व्होल्ट कॉइलला वीज मिळते, ती कॉन्टॅक्टर ओढून धरते आणि मोटर फिरते. लाइट गेली की कॉइल सुटते. ही मोटर भरल्या लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या सहापट. खाली ओव्हरलोड रिले असतो. त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकली की कॉइलची वाट तुटते. रचना साधी आणि मजबूत आहे. पण तिच्यात एक मोठं भोक आहे, आणि इथले वायरमन ते पुस्तक न वाचताही ओळखतात. कॉइल तीनपैकी दोनच फेजवर बसलेली असते. तिसरा फेज गेला, म्हणजे डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) डीओ फ्यूज उडाला किंवा कुठे जंपर तुटला, तर कॉइलला काहीच कळत नाही. ती कॉन्टॅक्टर धरून बसते. मोटर घुमत राहते आणि उरलेल्या दोन फेजमधून जवळजवळ पावणेदोनपट करंट ओढायला लागते. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर तो सोडवतो. पण सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा आकडा कोणीतरी शेवटपर्यंत सरकवून ठेवलेला असतो. मग वायंडिंगचा वास येतो, आणि मोटर रिवायंडिंगला जाते.

यावर उपाय सोपा वाटतो. तिसऱ्या फेजवर व्होल्टेज आहे की नाही ते पाहा, नसेल तर मोटर बंद करा. इथेच खरी गंमत आहे. फिरती मोटर स्वतःच त्या मेलेल्या फेजवर परतीचं व्होल्टेज तयार करते. लोड कमी असेल तर ते इतकं भरघोस असतं की नुसतं व्होल्टेज पाहणारा रिले फसतो. बाहेर फेज गेलेला असतो आणि रिलेला तो हजर दिसतो. म्हणून अभियंत्यांनी वेगवेगळे रस्ते काढले. कोणी तिन्ही फेजचा करंट मोजला. कोणी निगेटिव्ह सीक्वेन्सच्या, म्हणजे फेजमधला असमतोल ओळखण्याच्या सिद्धांताचा आधार घेतला. हा सिद्धांत चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये मांडला. तिन्ही फेज सारखे असतील तर रेझिस्टर-कपॅसिटरच्या विशिष्ट जोडणीतून बाहेर शून्य येतं, आणि जरा असमतोल झाला की काटा हलतो. विहीर आटून पंप कोरडा फिरू लागला, तर ते ओळखण्यासाठी कोणी करंटऐवजी पॉवर फॅक्टर पाहिला. बिनलोडची मोटरही बराच करंट घेते, पण तिचा पॉवर फॅक्टर एकदम खाली येतो.

पेटंट मिळतं ते या ‘कसं’ला. ‘मोटर जळू नये’ ही इच्छा कोणाच्या मालकीची होऊ शकत नाही. अमुक घटकांनी, अमुक क्रमाने, अमुक गोष्ट मोजून मोटर कशी थांबवायची, ती रचना मालकीची होऊ शकते. वाद पेटतो तो दुसऱ्याने तीच रचना थोडी हलवून बाजारात आणली की. पहिला म्हणतो, माझंच उचललं. दुसरा म्हणतो, तुझ्यात नवं काय होतं?

‘नवं काय होतं’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या कायद्यात बऱ्यापैकी कडक आहे. भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यांनी ३ मार्च १८५६ रोजी केला, तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. पुढे हेच काम विजेच्या मोटरने केलं. आजचा कायदा १९७० चा, तो १९७२ पासून लागू आहे. त्यातलं कलम ३(च), म्हणजे वकील ज्याला थ्री-एफ म्हणतात, ते आपल्या विषयाला नेमकं लागू पडतं. माहीत असलेली साधनं नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपलं जुनंच काम वेगळं-वेगळं करत राहिला, तर त्याला शोध म्हणत नाहीत. एका पेटीत व्होल्टमीटर, टायमर, रिले आणि ऑटो स्विच बसवले, प्रत्येक जण पूर्वीसारखाच वागतोय, तर पेटी नवी असेल, शोध नाही. पण हेच भाग एकमेकांशी जोडून असा परिणाम साधला जो सुट्या भागांत नव्हता, उदाहरणार्थ परतीच्या व्होल्टेजला न फसता तिसरा फेज गेल्याचं ओळखणं, तर गोष्ट वेगळी.

सर्वोच्च न्यायालयाने हाच निकष डिसेंबर १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात घालून दिला. वाद मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यातला होता: लेथवर भांडं धरण्याची एक पद्धत आणि तिच्यावरचं १९५१ चं पेटंट. न्यायालयाने पेटंट रद्दच ठरवलं. ज्ञात गोष्टीत केलेली सुधारणा कारखान्यातल्या कसबी कारागिराच्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा जास्त असली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. हा निकाल मला न्याय्य वाटतो. रोजच्या कामात हुशार मिस्त्री ज्या खुंट्या-खाचा सुचवतो, त्यावर एकाने वीस वर्षांची मक्तेदारी घ्यावी, हे बाकीच्या मिस्त्रींवर अन्याय करणारं आहे.

आता एका जुन्या खटल्याकडे थोडा वेळ थांबतो, कारण या विषयातलं सगळं सार त्यात आहे आणि त्याचा आपल्या शेताशी विलक्षण संबंध आहे.

फिरतं चुंबकक्षेत्र आणि त्यावर चालणारी इंडक्शन मोटर यांच्याशी दोन नावं जोडली जातात. एक निकोला टेस्ला, दुसरे इटलीतले गॅलिलिओ फेरारिस. फेरारिस यांनी आपलं काम मार्च १८८८ मध्ये तुरीनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. टेस्लांना मुख्य पेटंट १ मे १८८८ रोजी मिळालं, पण त्यांचा अर्ज ऑक्टोबर १८८७ चा होता. म्हणून ते मुख्य पेटंट टिकलं. खरा पेच दुसऱ्या दोन पेटंटांवर झाला. एकाच फेजची वीज घ्यायची, तिच्या एका फांदीत करंट मागे किंवा पुढे सरकवायचा आणि त्यातून दुसरा फेज तयार करून मोटर फिरवायची, ही स्प्लिट फेज नावाची युक्ती. तिचा अर्ज टेस्लांनी केला डिसेंबर १८८८ मध्ये, म्हणजे फेरारिसांच्या प्रकाशनानंतर. पेटंट मिळालं डिसेंबर १८९३ मध्ये. टेस्लांची पेटंटं वेस्टिंगहाउस कंपनीकडे होती आणि ती ज्याच्या-त्याच्यावर खटले भरत होती. प्रतिवादी म्हणू लागले, हे तर फेरारिसांनी आधीच छापलं आहे. कंपनीचं उत्तर होतं, टेस्लांनी ते त्याच्याही आधी, १८८७ मध्ये करून पाहिलं होतं.

कॅट्सकिल इल्युमिनेटिंग कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९०३ मध्ये न्यू यॉर्कच्या अपील न्यायालयाने ही पेटंटं फेरारिसांच्या प्रकाशनामुळे टिकत नाहीत असं ठरवलं, कारण टेस्लांची आधीची तारीख पुराव्याने पुरेशी सिद्ध होत नव्हती. एका वर्षाने, १९०४ मध्ये, म्युच्युअल लाइफ इन्शुरन्स कंपनीविरुद्धच्या खटल्यात वेस्टिंगहाउस जास्तीचे साक्षी-पुरावे घेऊन आली आणि तीच पेटंटं टिकली. शोध तोच. संशोधक तोच. तत्त्व तसूभर बदललं नव्हतं. बदलला होता तो फक्त पुरावा, म्हणजे कोणी केव्हा काय पाहिलं आणि ते कोणत्या कागदावर आहे.

टेस्लांसारख्या माणसाची ही गत. ज्याच्या दिमतीला वकील होते, भांडवलदार होते, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या वीज कंपन्यांपैकी एक होती, त्यालाही आपण वर्षभर आधी काय केलं हे न्यायालयाला पटवताना एकदा हार खावी लागली. मग ज्याच्याकडे खिशातला टेस्टर आणि डोक्यातलं ज्ञान याशिवाय काही नाही, त्याचं काय?

आणि गंमत पाहा. भारनियमनाच्या ऐन काळात महावितरणने सिंगल फेजिंग सुरू केलं. गावाला दिव्यापुरती वीज राहावी, पण शेतातल्या तीन फेजच्या मोटरी चालू नयेत असा हिशोब. तेव्हा महाराष्ट्रभर शेतकऱ्यांनी काय केलं? कपॅसिटर लावून तिसरा फेज तयार केला आणि मोटरी चालवल्या. बाजारात त्याला फेज स्प्लिटर म्हणू लागले. मुळात ही तीच युक्ती, फेज फोडण्याची. आपल्या पोरांनी टेस्ला वाचला नव्हता. त्यांच्यापुढे वाळणारा ऊस होता. मी त्या कपॅसिटरचं समर्थन करायला उभा नाही. त्याने डीपीवर ताण आला, शेजाऱ्याच्या घरातला बल्ब मिणमिणला, मोटरीही जळाल्या, आणि शेवटी महावितरणला खास रचनेचे ट्रान्सफॉर्मर बसवावे लागले. पण कोणत्या मोटरला किती मायक्रोफॅरड पुरतात, सुरू करताना किती आणि फिरती ठेवायला किती, हे हिशोब तेव्हा गावोगावच्या वायरमननी बसवले. त्यातलं किती लिहून ठेवलं गेलं? माझ्या माहितीत जवळजवळ काहीच नाही.

ऑटो स्विचचंही तेच. शेतीला तीन फेजची वीज एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा तास, अशी वर्षानुवर्षं मिळत आली. रात्री दोनला लाइट येणार, तर बांधावर जाऊन बटण कोण दाबणार? साप-विंचवाची भीती, थंडी, चिखल. म्हणून लाइट आली की आपोआप मोटर सुरू करणारा स्विच आला. मग सगळ्या मोटरी एकाच क्षणाला सुरू होऊन सहापट करंट ओढू लागल्या, डीपी जळू लागल्या, आणि ऑटो स्विच काढा, पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर बसवा, असं महावितरणचं आवाहन सुरू झालं. त्यावरही वायरमननी तोडगा काढला: प्रत्येकाच्या स्विचला वेगवेगळा उशीर लावायचा. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी या सगळ्या त्रासातून मोबाइलवरून पंप चालवण्याची नॅनो गणेश ही प्रणाली उभी केली, आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत तिचा गौरव झाला. ते नाव जगाला कळलं, कारण काम मांडलं गेलं, छापलं गेलं. उशीर लावणाऱ्या शंभर वायरमनांची नावं कोणाला माहीत आहेत?

कायदा या माणसांच्या विरोधात आहे का? नाही. हे मी आवर्जून सांगतो, कारण लोकांना उलटंच वाटतं. एखाद्या कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला आणि ती युक्ती भारतात आधीपासून उघडपणे वापरात होती, तर पेटंट मिळण्याआधी कोणीही विरोध करू शकतो. कोणीही म्हणजे कोणीही: कंपनी असायची गरज नाही, पदवी असायची गरज नाही. कलम २५ मध्ये आणखी एक आधार आहे. स्थानिक समाजात उपलब्ध असलेलं ज्ञान, मग ते तोंडी का असेना, हेही विरोधाचं कारण होऊ शकतं. ही तरतूद प्रामुख्याने हळद-कडुनिंबासारख्या पारंपरिक ज्ञानाच्या संदर्भात चर्चिली जाते. वायरमनचं ज्ञान त्यात बसतं का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते घातला पाहिजे. तोवर उघड वापराचा मुद्दा तर हातात आहेच.

पण उघड वापर सिद्ध करायचा कसा? ‘आमच्याकडे हे फार पूर्वीपासून करतात’ या वाक्याला न्यायालयात वजन नाही. केव्हापासून? कोणाच्या विहिरीवर? जोडणी नेमकी कशी होती? ते कोणी पाहिलं? हे चार प्रश्न आले की आपण गप्प होतो. आपल्या गावाला खरं तर लिहून ठेवण्याची परंपरा आहे. अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरात यादव काळातले मराठी शिलालेख आहेत. त्या काळी कोणी काय केलं ते दगडावर कोरून ठेवलं, म्हणून आज अभ्यासक वेळापूरला येतात.

महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला पेटंटचा वाद विजेच्या मोटरचा नसून इंजिनाचा आहे, पण त्याची जातकुळी हीच. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज ऑटोकडे दोन स्पार्क प्लगच्या लहान इंजिनाचं पेटंट होतं. २००७ मध्ये टीव्हीएसने फ्लेम ही गाडी जाहीर केली आणि भांडण चेन्नईत पेटलं. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी टीव्हीएसला मनाई केली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. दोन प्लगची कल्पना होंडाच्या जुन्या पेटंटात होती की नाही, यावर दोन्ही बाजूंनी घासाघीस झाली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्री करू दिली, पण हिशोब ठेवायला लावला, आणि असे खटले रोजच्या रोज चालवून लवकर निकाली काढा असं बजावलं. तरीही वाद आपसात मिटायला २०१९ उजाडलं. बजाज आणि टीव्हीएस बारा वर्षं झुंजू शकतात. सांगली-सोलापूरकडचा पाच कामगारांचा पॅनेल बनवणारा बारा महिनेही झुंजू शकत नाही. नोटीस आली की तो माल बनवणं थांबवतो, मग नोटिशीत दम असो वा नसो. माझी खरी काळजी ही आहे.

उलट्या बाजूचाही धोका आहे, तो थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या क्रेव्हन्स वॅनलास यांच्याकडे सिंगल फेज मोटरचं १९७७ चं पेटंट होतं. त्यांनी जनरल इलेक्ट्रिकवर दावा केला, पण फार उशिरा. माल वर्षानुवर्षं उघड विकला जात होता, तुम्ही पाहायला हवं होतं, असं म्हणत १९९८ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळणं कायम केलं. त्याच वर्षी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने फेडर्स कंपनीविरुद्ध मात्र त्यांचा दावा जिवंत ठेवला, कारण त्या प्रकरणात त्यांना उल्लंघनाची कल्पना येण्यासारखी परिस्थिती नव्हती असं पीठाला वाटलं. पेटंट घेतलं म्हणजे काम संपलं असं नाही. बाजारावर नजर ठेवावी लागते, आणि लहान माणसाला ती ठेवणं परवडत नाही.

मग करायचं काय? माझी सूचना अगदी लहान आहे, आणि ती या व्याख्यानमालेच्या संयोजकांसाठी आहे. गावच्या वाचनालयात एक नोंदवही ठेवा. पानांना छापील क्रमांक असलेली, पान फाडलं तर कळेल अशी. जो वायरमन, रिवायंडिंगवाला, शेतकरी मोटरच्या बाबतीत काही नवी जोडणी करेल, त्याने तिची आकृती काढावी, मोटरचा एचपी आणि वापरलेल्या भागांची नावं-मूल्यं लिहावीत, कोणत्या विहिरीवर कोणत्या तारखेला बसवली ते लिहावं आणि ती चालताना पाहिलेल्या दोघांनी सही करावी. दर तीन महिन्यांनी त्या पानांचं छायाचित्र काढून ते छापून वाटावं, म्हणजे ते प्रकाशन होईल आणि त्याला तारीख राहील.

एक सावधगिरी मात्र पाळायची. ज्याला आपल्या युक्तीवर पेटंट हवं आहे, त्याने आधी वहीत लिहून जाहीर करू नये. आपल्या कायद्यात स्वतःचंच जाहीर केलेलंही सहसा आपल्याच आड येतं. अशा माणसाने आधी प्राथमिक वर्णनाचा अर्ज करावा. महाराष्ट्राचं पेटंट कार्यालय मुंबईला आहे, अर्ज ऑनलाइन होतो, व्यक्तीसाठी त्याची फी १६०० रुपये आहे, आणि त्यानंतर पूर्ण वर्णन द्यायला बारा महिने मिळतात. पुढच्या परीक्षणाचा आणि वकिलाचा खर्च जड वाटला तर गुजरातमधल्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे जावं. ग्रामीण भागातल्या, पदवी नसलेल्या संशोधकांची पेटंटं त्यांच्याच नावाने दाखल करण्याचं काम ही संस्था करते. ज्याला पेटंट नको आहे, युक्ती सगळ्यांना मोकळी राहावी एवढंच हवं आहे, त्याच्यासाठी वही. माझ्या मते दहातल्या नऊ जणांना वहीच पुरेल, आणि त्या नऊ जणांच्या नोंदी उद्या एखाद्या पॅनेलवाल्याच्या हातात नोटिशीचं उत्तर म्हणून उपयोगी पडतील.

पहिली नोंद कोणती करायची तेही सुचवतो. तिसऱ्या फेजवर एक छोटा रिले बसवायचा आणि त्याचा संपर्क नो-व्होल्ट कॉइलच्या वाटेत घालायचा, ही जोडणी पुस्तकातही आहे. पण परतीच्या व्होल्टेजला फसू नये म्हणून त्या रिलेच्या पुढे काय-काय जोडलं गेलं, ते प्रत्येक गावच्या हातात वेगळं आहे. या सभागृहात असे हात नक्की आहेत. ज्यांनी ती जोडणी केली आहे, ज्यांना सालाचा अंदाज आहे, ज्यांच्या घरी रिलेचं जुनं बिल किंवा दुरुस्तीची पावती सापडेल, त्यांनी आज कार्यक्रम संपल्यावर संयोजकांकडे आपलं नाव आणि विहिरीचा गट नंबर द्यावा.